मंगलकाकूंच्या पाळीचा भाग

बुध., ९ एप्रिल
मालिका बंद पडून आज महिना झाला. शरयू आणि अनंत अजून एसटी स्टँडवरच बसलेत. तिच्या मांडीवर पिशवी, त्याच्या हातात घड्याळं दुरुस्त करायची पेटी. तो विचारतो, "कुठं जायचं?" आणि संपलं. दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला चॅनलवाल्यांनी स्वयंपाकाची स्पर्धा लावली. माणसांना असं स्टँडवर सोडून जातात का कुणी?

आज पापड आमच्याकडे. सकाळी सहाला आठ जणी हजर, कारण ऊन चढलं की लाटी सुकते आणि डोकीही तापतात. गल्लीचा नियम जुना आहे, माझ्या जन्माच्या आधीचा. लाटताना गोष्ट चालते, आणि जिच्या घरचे पापड तिचा शब्द. पुढं काय होणार ते ती ठरवते. बाकीच्यांनी कितीही आरडाओरडा करावा, शब्द बदलत नाही. मी नि शेजारची स्वाती लहान असताना पापड गच्चीवर वाळत टाकायचं काम आमचं, त्यामुळे शेवट ऐकायला कायम उशीर व्हायचा. तेव्हा गोष्टी राजाराणीच्या असत. यंदा शरयू-अनंतला स्टँडवरून उठवायचं काम काढलंय.

आईचा शब्द: आधी त्यांनी खाऊन घ्यावं. "सकाळपासून उपाशी आहेत दोघं. मालिकेत एक दिवस जेवताना दाखवलं नाही." मग अनंत म्हणतो मला भूक नाही, शरयू म्हणते मलाही नाही, आणि अर्ध्या तासात दोघं दोन प्लेटी भजी संपवतात. दुपारी माझ्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा लिहून गोष्टींच्या ॲपवर टाकलं. माझं तिथलं नाव 'लाटणं'. खाली नेहमीची ओळ: आजचे पापड, रंजूच्या आईकडे. वाचणाऱ्यांना ही ओळ फार आवडते. काही जण म्हणे आधी तीच वाचतात.

शुक्र., ११ एप्रिल
भज्यांवर एवढ्या प्रतिक्रिया येतील असं वाटलं नव्हतं. साताऱ्याची एक बँकेतली बाई जेवणाच्या सुट्टीत वाचते. तिनं लिहिलंय, "भूक नाही म्हणणं हे त्या दोघांचं प्रेमपत्रच आहे." वर सांगितलं की याला फॅनफिक म्हणतात आणि जगभर लोक लिहितात. असेल. आम्ही याला 'पुढचं सांगणं' म्हणतो.

आज फॉर्म भरता भरता हाच विचार. शरयू-अनंत एवढे का आवडतात? दिसायला दोघंही बेताचे. अनंत तर आयुष्यात गोड बोललेला नाही. पण त्याचं ते घड्याळ. शरयूला कायम उशीर होतो म्हणून तो तिचं घड्याळ पाच मिनिटं पुढं लावून ठेवतो, सांगत नाही. तिला ते ठाऊक असतं, तीही सांगत नाही. शंभर भागांत या पाच मिनिटांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बघणाऱ्या आपण तेवढ्या हुशार, आपल्यालाच ठाऊक. दोन माणसांमधलं गुपित सांभाळायला तिसरं कुणी लागतं, आणि ते काम आपल्याला मिळालं की आपण त्या दोघांचे होऊन जातो. मला तरी असंच झालंय.

'दुसरा मजला' नावानं आज पुन्हा एक ओळ आली. "मंगलकाकूंचे पापड कधी?" बाकी काही नाही. ही स्वाती. सुरतेला दुसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या आईच्या, म्हणजे मंगलकाकूंच्या घराला आमची भिंत लागून आहे, आणि सहा वर्षं ती या गल्लीत आलेली नाही.

रवि., १३ एप्रिल
पुष्पाभाभीकडे पापड. भाभीला भांडण पाहिजे होतं. "अरे यार, किती गोड गोड चालून राहिलं. शरयूले थोडा गुस्सा येऊ दे ना. घर नाही, दार नाही, आणि हा माणूस पेटी घेऊन बसून राहिला!" तिचा शब्द, त्यामुळे भांडण झालं. शरयू पेटी उचलून रस्त्यावर फेकते इथपर्यंत भाभी गेली.

मंगलकाकू तेवढ्यात बोलल्या. कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या दुप्पट लाटतात, बोलत नाहीत. "पेटी नाही फेकणार ती. स्वतःची पिशवी फेकंल."

भाभी म्हणाली, "हां, ये सही है."

सहा वर्षांत काकू कुणाच्या लग्नाकार्यात धड बोलल्या नाहीत, पण शरयूबद्दल असं अचूक बोलतात. मी रोज हजार शब्द लिहिते आणि मला पिशवी सुचली नाही. घरी येऊन लिहिताना थोडी जळलेसुद्धा. पण मान्य केलं पाहिजे, शरयूला काकूंइतकं कुणी ओळखत नाही.

कारणही उघड आहे. शरयूनं आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि आईनं तिसाव्या भागात दार लावून घेतलं. पुढं आईचं काम करणारी नटी मालिका सोडून गेली, तर मालिकावाल्यांनी आईच गायब केली. पुन्हा नाव नाही. स्वातीनंही दीपकशी लग्न केलं. तो जवळच्या बहादरपूरचा, केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, जात वेगळी. काकूंनी दार लावलं ते लावलं. फरक एवढाच की काकू कुठं गायब झाल्या नाहीत. रोज समोर दिसतात.

मंगळ., १५ एप्रिल
दुकानात गर्दी. ॲडमिशनचे फॉर्म सुरू झालेत, सर्व्हर बंद, लोक माझ्यावर चिडतात जणू सर्व्हर माझ्या घरचा आहे.

मधल्या वेळात साताऱ्याच्या बाईनं लिहिलेलं वाचलं. मालिकेत शरयू तापानं पडते आणि पुढच्या भागात एकदम बरी होऊन उठते. मधले चार दिवस दाखवलेच नाहीत. या बाईनं ते चार दिवस लिहिलेत. अनंत दुकानातली सगळी ठोक्यांची घड्याळं बंद करून ठेवतो, कारण भिंतीपलीकडं ती झोपली आहे. चार दिवस गावाला वेळच कळत नाही. वाचून मी खुर्चीतून उठले आणि पाणी प्यायले. दिवसभर नोटा मोजणारी बाई, कुठून काढलं असेल हे? मालिकावाल्यांना पैसे मिळत होते आणि त्यांना सुचलं नाही. हिला कुणी काही देणार नाही, ही नुसती त्या चार दिवसांच्या काळजीनं लिहीत बसली.

मला वाटतं आम्ही सगळ्या यासाठीच लिहितो. मोठे प्रसंग त्यांनी दाखवून झाले. लग्न, अपघात, थोबाडीत. पण माणसं एकमेकांची होतात ती मधल्या दिवसांत, आणि ते दिवस कुणी दाखवत नाही.

गुरु., १७ एप्रिल
स्वातीचा फोन. इकडचं तिकडचं बोलली, मुलीचा दात पडला, सुरतेत उकडतंय. मग म्हणाली, "आखाजी तीस तारखेला आहे ना?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. झोपाळे बांधतात, आमरस होतो. आणि गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. म्हणजे स्वातीच्या वडिलांची, काकांची घागर. मी नुसतं हो म्हटलं.

"यावं म्हणून राहिले. लेकिन आई..."

"विचारू का काकूंना?"

"नको. विचारलं तर नाहीच म्हणंल. तू फक्त तिची पाळी येऊ दे. पापडावर खोटं बोलत नाही ती. ती जे सांगंल ते तू लिहिशील ना? मग मले समजून जाईल."

शनिवारी काकूंची पाळी आहे हे तिला मोजून माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी काका गेले तेव्हा काकूंनी मला शपथ घातली होती की तिला कळवायचं नाही. मी शब्द पाळला. दहाव्याला राहवलं नाही म्हणून फोन केला. ती म्हणाली, "आज सांगून राहिली तू?" ते वाक्य अजून कानात आहे.

शनि., १९ एप्रिल
काकूंकडे पापड. कधी नव्हे त्या कुरडयाही घातल्या, चीक पहाटेच शिजवून ठेवला होता. आम्ही बसलो आणि काकूंनी स्वतःहून सुरुवात केली.

शरयू आईच्या दारात येते. अनंत गल्लीच्या तोंडाशी थांबतो. शरयू कडी वाजवते. वहीत टिपून घेतलेलं जसंच्या तसं उतरवते:

"आई आत उभी आहे. दाराजवळच. तिनं पावलं ओळखली. कडीले हात लावला. पण काढली नाही. उभीच राहिली. शरयू वाजवून वाजवून थांबली. तरी आई तिथंच. बस."

भाभी लाटणं टाकून उठली. "काकू, यह क्या बात हुई! मुलगी दारात आली, आणि खोलणार नाही?"

"नाही खोलणार."

माझ्या आईनंही समजावलं. सखूमावशी रडायला लागली. काकूंनी लाटणं थांबवलं नाही. "माझे पापड आहे. माझा शब्द."

घरी येताना वही जड झाली होती. एवढा दगडाचा जीव असतो का?

रवि., २० एप्रिल
दोन भाग लिहिले. एक काकूंचा, एक माझा. माझ्यात कडी निघते, आई म्हणते "आलीस?" आणि शरयू आत जाते. पुढं दोघी रडतात, तिथं मी स्वतःही रडले.

सकाळपासून दोन्ही पुढ्यात घेऊन बसले. काकूंचा टाकला तर स्वाती येणार नाही, या आखाजीला नाही आणि पुढं कधीच नाही. मागे एकदा शब्द पाळून काय झालं ते पाहिलंय.

माझा टाकला. खाली लिहिलं: आजचे पापड, मंगलकाकूंकडे.

आठ जणींपैकी ॲप कुणाकडं नाही. प्रतिक्रिया मीच वाचून दाखवते, तेवढंच त्यांना कळतं. गल्लीत कळायचं कारण नाही.

सोम., २१ एप्रिल
प्रतिक्रियांचा पूर. रडके चेहरे, लाल बदाम. नाशिकच्या एकीनं लिहिलं की वाचून आईला फोन लावला. कधी नव्हे एवढे लोक.

'दुसरा मजला': "वाचलं."

दहा मिनिटांनी फोनवर निरोप. तिकीट काढलं. एकोणतीसला निघते, तीसला सकाळी भुसावळहून गाडी बदलून पोचते. दीपक आणि मुलगी नाही, आधी एकटीच. शेवटी लिहिलंय, "रंजू, ती 'आलीस?' म्हणाली का खरंच? असंच म्हणाली?"

मी 'हो' टाइप केलं. पाठवून टाकलं. आनंद झाला होता, तो पाठवल्याबरोबर गेला. जेवण गेलं नाही.

बुध., २३ एप्रिल
साताऱ्याची बाई दोन दिवस गप्प होती. आज तिचं आलं. "लाटणंताई, राग मानू नका. ही आई इतकी सहज कडी काढेल यावर माझा विश्वास बसला नाही. एवढी वर्षं दार बंद ठेवणाऱ्या माणसाला ते उघडताना काहीतरी आड येतंच. ते काय होतं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. तुमच्या गोष्टीत पहिल्यांदा मला कुणीतरी घाईत असल्यासारखं वाटलं."

आधी चिडले. म्हटलं, आली मोठी शहाणी, नोटा मोज. मग वही काढून काकूंचं पुन्हा वाचलं. दाराजवळच. पावलं ओळखली. कडीला हात लावला.

जी आई उघडणारच नाही ती आत खाटेवर पडून राहील. दाराजवळ कशाला येईल? सहा वर्षांनी पावलं कशी ओळखेल? मी शनिवारी फक्त "नाही खोलणार" ऐकलं. बाकीचं नुसतं टिपून घेतलं.

भूक नाही म्हणणं म्हणजे काय ते मला कळतं, घड्याळाची पाच मिनिटं कळतात, आणि शेजारच्या घरातली बाई समोर बसून सांगते ते कळत नाही. अशी मी लेखिका.

शुक्र., २५ एप्रिल
गेले काकूंकडे. वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. की त्यांचा शब्द मी बदलला, की खाली त्यांचं नाव घातलं, की स्वाती वाचते, की तिनं आखाजीच्या सकाळचं तिकीट काढलंय.

काकूंनी डब्याचं झाकण लावलं.

"ती वाचते ते मालूम आहे मले."

मी विचारलं, कसं?

"तूच वाचून दाखवते ना. एक जण दरवेळी विचारते, मंगलकाकूचे पापड कधी. माझ्या पापडाचं कोण विचारणार? म्हणूनच तं सांगितलं तसं. तिच्यासाठी."

मी म्हटलं, काकू, पण तुम्ही दार उघडू नका म्हणालात.

तेव्हा त्या बसल्या. मीही खाली बसले. जे बोलल्या ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. "हे गेले, तव्हा तिले कळवलं नाही मी. तुले शपथ घातली. रागात होते. बापाचं तोंड नाही पाहू दिलं पोरीले. मग राग गेला, आणि हे राहून गेलं. आता ती दारात येईल, आणि मी काय तोंडानं कडी काढू? शरयूच्या आईले पोरीचा राग नाही, रंजू. लाज आहे. म्हणून उभी आहे ती तिथं. स्वातीले हे समजलं असतं. माझी पोर आहे. दाराजवळ उभी आहे म्हटल्यावर समजली असती. मग यायचं तं आली असती, नाही तं नाही. तू तिले सांगून दिलं की काही झालंच नाही."

काकू मला रागावल्याही नाहीत, तेच जास्त लागलं. उठताना फक्त म्हणाल्या, "तू सांग तिले. मी नाही सांगणार."

घरी येऊन रडले. लाजेनं, आणि थोडं कौतुकानंही. ती बाई चौथीपर्यंत शिकलेली, जन्मात एक ओळ लिहिली नाही, आणि आठ वाक्यांत आपलं सगळं घालून पोरीला पाठवत होती. मीच मधे उभी राहिले.

शनि., २६ एप्रिल
स्वातीला फोन केला. सगळं सांगितलं. मग वहीतलं काकूंचं जसंच्या तसं वाचून दाखवलं. लाजेचं मात्र सांगितलं नाही. ते काकूंनी मला सांगितलंय, तिला नाही.

तिच्याकडे मागं कुकरची शिट्टी झाली.

"परत वाच."

परत वाचलं.

"'पावलं ओळखली' असं म्हणाली?"

हो.

"तू मले खोटं सांगितलं रंजू."

हो.

"दुसऱ्यांदा."

ती म्हणाली, बघते. येते म्हणाली नाही, तिकीट रद्द करते म्हणाली नाही. बघते.

संध्याकाळी माझा भाग काढून टाकला आणि काकूंचा टाकला. वर एक ओळ: आधीचा भाग लाटण्यानं स्वतःच्या मनानं लिहिला होता, चूक झाली, हा खरा.

सोम., २८ एप्रिल
काही वाचणारे भडकलेत. त्यांना उघडलेलं दार परत पाहिजे. एकीनं लिहिलं, आमची फसवणूक केली. बरोबरच आहे.

साताऱ्याची: "आता विश्वास बसला. ही आई मला झोपू देणार नाही." आणि मग एक मजा झाली. तिनं पुढचं स्वतःच लिहून टाकलं. तिच्यात अनंत येऊन दाराबाहेर पेटी उघडून बसतो आणि शेजाऱ्यांची घड्याळं दुरुस्त करायला घेतो, कितीही दिवस लागोत म्हणून. नाशिकच्या मुलीनं आईच्या बाजूनं लिहिलं, आत उभं राहून तिचे पाय दुखतात, पण ती स्टूल घेत नाही. दोन दिवसांत सहा जणांनी लिहिलंय. एकमेकांना न ओळखणारी माणसं एका दारापाशी जमलीत आणि जो तो आपल्या घरातलं काहीतरी आणून ठेवतोय. इतका अभिमान वाटला. माझा नाही, काकूंचा.

सातवं 'दुसरा मजला'चं. स्वातीनं आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. शरयू कडी वाजवायची थांबते, पायरीवर दाराला पाठ टेकून बसते. म्हणते, तू आत आहेस ते मला माहीत आहे. तू उघडू नकोस. बाबांना मी मनातल्या मनात रोज पाहते, त्यांचं तोंड मला आठवतं, ते कुणी घेतलेलं नाही माझ्यापासून. तू फक्त तिथून हलू नकोस. मीही इथंच बसते.

मी लाजेचं सांगितलं नव्हतं. तिनं ओळखलं.

सगळं प्रिंट काढून काकूंना वाचून दाखवायला नेलं. प्रत्येकावर निकाल. साताऱ्याचं पसंत. नाशिकचं, "स्टूल कशाला, भिंतीले टेकंल ना ती." स्वातीचं वाचताना ते कुणाचं हे मी सांगितलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "परत वाच." माय-लेकी सारख्याच. परत वाचलं. पदर तोंडाशी नेला. मग म्हणाल्या, "चांगलं आहे. पण शरयू एवढं बोलत नाही."

मंगळ., २९ एप्रिल
स्वातीला दोनदा फोन केला, उचलला नाही. निघाली की नाही माहीत नाही. काकूंकडं डोकावले. नवी घागर, आंबे, सांजोऱ्यांची तयारी. कुणी येणार आहे का असं विचारायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "दरवर्षी करते मी."

दरवर्षी एवढे आंबे आणत नाहीत.

बुध., ३० एप्रिल, आखाजी
सकाळी नऊपासून दुकान बंद ठेवून ओट्यावर बसले होते. साडेनऊची गाडी येऊन गेली असेल, स्टेशनवरून ऑटोला किती वेळ, हा हिशोब. दहा वाजले. सव्वादहा. कुणी नाही. भाभीच्या पोरींनी झोपाळा बांधला होता, त्यांची गाणी चालू.

पावणेअकराला स्वाती गल्लीत आली, पायी. बारीक झालीय. हातात एक पिशवी. सुरतेची गाडी उशिरा आली, भुसावळची गाडी चुकली, म्हणून बसनं आली होती. मला बघून थांबली नाही, हसलीही नाही. सरळ काकूंच्या दाराशी.

दार सताड उघडं.

ती तिथंच थिजली. आत कुणी नाही. मी मागून गेले, हाक मारली, न्हाणीत पाहिलं, गच्चीवर पाहिलं. चूल गार, सांजोऱ्या झाकलेल्या, कोपऱ्यात घागर रिकामी. भाभीला विचारलं. "काकू तो सुबह आठलाच गेली ना ऑटोत. स्टेशन बोलली ऑटोवाल्याले. मी विचारलं, कोणाले आणायले? तर काही बोलली नाही."

सहा वर्षं जी बाई आमच्या या सिंधीपुरा मोहल्ल्याच्या बाहेर पडली नाही, ती आठ वाजल्यापासून स्टेशनवर बसली होती, आणि पोर बसनं आली. फोन काकूंनी देव्हाऱ्यापाशी ठेवलेला.

स्वाती उंबऱ्याबाहेरच उभी. मी म्हटलं, ये ना आत. म्हणाली, "ती नाही घरात." मी म्हटलं, किती वेळ उन्हात उभी राहशील. मग आली. काकांच्या फोटोसमोर बसली. घागरीकडं पाहिलं, हात लावला नाही. मी पाणी दिलं. भाभीच्या मुलाला स्कूटीवर स्टेशनला पाठवायचं ठरत होतं, इतक्यात गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला.

चपलांचा आवाज. हळू चालतात काकू, गुडघ्यांमुळे. मी ओळखायच्या आधी स्वातीनं ओळखला. उठली, दारापर्यंत गेली, कडीवर हात ठेवला, आणि परत येऊन भिंतीशी उभी राहिली. मला म्हणाली, "काय म्हणू मी?"

आणि मला, जिनं आजवर शरयूच्या तोंडी दोनशे पानं घातली, एक शब्द सुचला नाही. मी मागच्या दारानं निघाले.

आता दोन वाजलेत. भिंतीपलीकडून आवाज नाही. आई तिसऱ्यांदा विचारते आहे, काय झालं असेल गं. मला माहीत नाही. मनात येतंय ते मी लिहिणार नाही. साताऱ्याच्या बाईनं विचारलंय की आज भाग येणार का. तिला कळवलं, आज नाही.

आत्ता, अडीचला, भिंतीपलीकडं कुणीतरी घागर घासतंय.